ठकीची पाठवणी

माझी बाहुली, ठकी, दिसायला भयाण होती, हे आधीच सांगून टाकते. मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आत कापूस, डोक्यावर धनगरांकडून मागून आणलेली काळी लोकर. काजळानं काढलेले डोळे, एक वर आणि एक खाली. डावा पाय कुत्र्यानं नेलेला. पण तिच्या डोक्याची ती लोकर नाकाशी धरल्याशिवाय मला झोप येत नसे. तान्ही होते तेव्हा येत नव्हती आणि दहा वर्षांची झाले तरी येत नव्हती.

आमचं गाव वडवणीजवळचं. वडील पाटील, म्हणजे निजामाच्या तहसीलदारापुढं मान खाली आणि गावापुढं वर. घरात मात्र मायचा हुकूम. तिचा नुसता आवाज आला तरी गडी चिलीम लपवून कामाला लागत. तिला माझी ठकी डोळ्यांपुढं नको असे.

"घोडी झाली, अन् अजून चिंध्या कवटाळून निजती," ती म्हणायची. "सासरचे लोक हसतेल की मला!"

मी ऐकते कसली! मी कुणाच्या बापाला भीक घालणारी नव्हते, आणि हा गुण सरळ मायकडून आलेला.

उन्हाळ्यात गावात लग्नं सुरू झाली की आम्ही पोरी बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचो. त्या वर्षी माय आपणहून म्हणाली, "औंदा तुझ्या ठकीचं उरकून टाकू." मला खरंच वाटेना. तिनं स्वतः बसून ठकीला हिरवं लुगडं शिवलं, काजळानं डोळे कोरले. वेशीजवळच्या माझ्या मैत्रिणीचा लाकडी बाहुला नवरदेव ठरला. नाक तुटकं, पण ऐट पाटलाची. वडिलांची दस्ती अंतरपाट म्हणून धरली, ज्वारी हळदीत घोळून अक्षता केल्या. मी मुलीची आई म्हणून नुसती मिरवत होते.

मग मायनं ठकी उचलली, मैत्रिणीच्या ओटीत घातली आणि खऱ्या लग्नात म्हणतात तसं म्हणाली, "लेक पदरात घातली, सांभाळा." बाया खो खो हसल्या. मीही हसले. मैत्रीण दोघांना घेऊन घरी गेली.

दिवेलागणीला मी मायला म्हटलं, "माय, ठकी आन की."

"कोन ठकी? दिली ती दिली. लेक देऊन कुनी परत मागतं का?"

खेळ संपला की ज्याचं खेळणं त्याच्या घरी, हा आम्हा पोरींचा कायदा होता, आणि तो माझ्या मायनंच मोडला होता. लुगडं शिवणं, डोळे कोरणं, सगळं ह्यासाठीच होतं तर! मी भुई बडवून रडले, तिच्या हाताला कडकडून चावले. ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडं गेले तर ठकी कोनाड्यात नवऱ्याशेजारी बसवलेली.

"तुझी न्हाई आता," मैत्रीण म्हणाली. "आमची सून हाय."

ती थट्टा करत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सिरसाळ्याला दिली. त्या घरी दळायला-कांडायला हात हवे होते, म्हणून लगेच धाडायचं ठरलं. तोवर मला लग्न म्हणजे बांगड्या आणि गूळखोबरं एवढंच ठाऊक. बैलगाडी दारात उभी राहिली. मायनं माझा हात सासूच्या हातात दिला आणि म्हणाली, "लेक पदरात घातली, सांभाळा."

तेच शब्द, तोच आवाज. मी भोवतालच्या बायांकडं बघितलं, त्याच होत्या सगळ्या, पण ह्या वेळी एकही हसत नव्हती. मायनं मान वर केली नाही. दगडाला पाझर फुटेल पण हिला फुटायचा नाही, असं मनात म्हणत मी गाडीत बसले. फार राग आला होता मला तिचा.

सासरी मी पदराचा बोळा करून नाकाशी धरायचे. नव्या लुगड्याला नुसता खळीचा वास.

पंचमीला वडील मला न्यायला आले. घरी पोचले तर माय नदीवर धुणं घेऊन गेलेली. गाडीत अंग आंबून गेलं होतं. आडवं व्हावं म्हणून वलणीवरची मायची वाकळ ओढली, आणि तिच्या घडीतून काहीतरी धप्पकन भुईवर पडलं.

ठकी!

हिरवं लुगडं विटलेलं, लोकर निम्मी झडलेली. कुत्र्यानं नेलेल्या पायाच्या जागी नवा पाय शिवलेला होता, आणि त्याचं कापड माझ्या लहानपणीच्या परकराचं होतं. मी तिचं डोकं नाकाशी नेलं. वास माझा नव्हता. मिश्रीचा होता. घरात मिश्री एकटी माय लावायची.

तेवढ्यात माय ओलं धुणं घेऊन दारात आली. माझ्या हातात ठकी बघून जागच्या जागी थांबली, आणि तिचं तोंड लाल झालं. माझी माय लाजली! असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं मला ठकी सापडल्यापेक्षा मोठा धक्का बसला.

"ही कुटून आली?"

"मागून आनली."

"दिली ती दिली, म्हनलीस की मला."

माय धुणं झटकू लागली. "ती मानसं भली हायती. मागितली, तर दिली परत. तुझ्या सासरचे देतेल का?"

मग जे मनात होतं ते बोलून टाकलं, "मंग मला दे. मी नेते सिरसाळ्याला. मला तिथं झोप येत न्हाई, माय."

तिनं धुणं खाली टाकलं, पुढं आली आणि ठकी माझ्या हातातून काढून घेतली.

"न्हाई."

"कावून न्हाई? माझी हाय ती!"

"तू चार दिसांनी जाशील," माय म्हणाली. "मंग मी काय कवटाळू?"

गडी ज्या बाईला चळचळा कापायचे, ती चिंध्यांची बाहुली दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्यापुढं उभी होती. माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं की झोप तिलाही येत नसेल.

चार दिवसांत आम्ही ठकीचं नाव काढलं नाही. निघायच्या दिवशी मायनं शिदोरी बांधली. मी घरात गेले, वाकळीतून ठकी काढली आणि बाहेर घेऊन आले. मायचा चेहरा उतरला. मी नेणारच, असं तिला वाटलं.

मी तिचा पदर धरला, ठकी त्यात ठेवली.

"लेक पदरात घातली," मी म्हणाले, "सांभाळ."

आणि गाडीत जाऊन बसले.