चौदा वर्षांचा अर्ज

इंग्रजीतल्या एका टीचभर शब्दापायी चौदा वर्षं बायकोपासून लांब राहिलेला दुसरा माणूस या भूतलावर झाला असेल, असं मला वाटत नाही. माझे आतोबा तसे राहिले, आणि तेही रामासारखे कोणाच्या आज्ञेवरून नव्हे, आपखुशीने. ते धारच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि आत्या देवासला मुलींच्या प्राथमिक शाळेत होती. दोघेही एकाच शिक्षण खात्याचे नोकर, आणि नवरा-बायकोला एका गावी आणायची खात्यात सोय होती. त्यासाठी लागायचा फक्त एक अर्ज. तो अर्ज आतोबा लिहीत होते. आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी बागलीहून कॉलेजसाठी आत्याकडे राहायला आले, तेव्हा या लेखनाला सहा वर्षं झाली होती आणि पहिलं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

वाक्य अडलं होतं ‘ॲज’ या शब्दावर. इंग्रजीत ‘जसं’ म्हणायला दोन शब्द आहेत, लाइक आणि ॲज. आतोबांच्या मते पुढे नुसतं नाव असेल तर लाइक खुशाल वापरा. पण पुढे ‘इन धार’, ‘ॲट होम’, ‘ऑन संडे’ असं काही आलं, की लाइकने मुकाट्याने बाजूला व्हायचं आणि ॲजला वाट द्यायची. का, म्हणून विचारायची सोय नव्हती. एकदा मी विचारलं, तर स्वयंपाकघर ते ओटा अशा येरझारा घालत त्यांनी तासभर समजावलं. “त्या ॲजच्या पोटात एक अख्खं वाक्य असतं. दिसत नाही, पण असतं. ॲज इन धार म्हणजे धारला जसं असतं तसं. लाइकचं पोट रिकामं.” आत्या म्हणाली, “माझंही रिकामं आहे, जेवायला बसता का?” ते बसले, पण दोन घास खाऊन उठले आणि उरलेलं पोट मला उभ्यानेच समजावलं.

बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दर शनिवारी शाळा सुटली की धारहून इंदूर, इंदूरहून देवास, आणि रविवारी चारच्या बसने परत. आले तरी खांद्यावरची पिशवी उतरायची नाही, खुर्चीच्या कडेला टेकायचे, आणि चहा बशीत ओतून उभ्या उभ्या प्यायचे, जणू कंडक्टर बाहेर शिटी मारतोय. देवासला आले की धारचं पाणी, धारचे पेरू आणि धारची हवा. धारला गेले की देवासचं सगळं. मूळचे ते देवासचेच, आणि आमच्या देवासला थोरली पाती, धाकटी पाती अशी संस्थानंच दोन, त्यामुळे इकडचं तिकडे ताडून पाहायची सवय त्यांच्या रक्तातच असावी. धारच्या बसचा कंडक्टर त्यांना ओळखून होता. हे दर थांब्यावर उठून दारापाशी जायचे, तेव्हा तो म्हणायचा, “बैठ जाओ मास्साब, इंदौर कहीं भाग नी रिया.” यावर आतोबा दोन मिनिटं बसायचे.

इंदूरच्या बसस्टँडवर एक भोजनालय होतं. त्याच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं, टेस्ट लाइक ॲट होम. ही पाटी आतोबांना दर शनिवारी आणि रविवारी, म्हणजे आठवड्यातून दोनदा भेटायची आणि दोन्ही वेळा त्यांचं रक्त तापायचं. पहिल्यांदा त्यांनी मालकाला समजावलं. मग खडू घेऊन लाइकवर काट मारली आणि वर ॲज लिहिलं. मालकाने पुसलं. हे काही महिने चाललं. शेवटी मालक हात जोडून म्हणाला, “मास्साब, गिराक पाटी पढ़ता नी है, खाना खाता है.” त्या वादात देवासची बस सुटली आणि आतोबा आठला यायचे ते दहाला आले. आत्याने गार भाजी पुन्हा गरम केली. पुढच्या खेपेला पाटी नवी होती, हिंदीत होती, आणि तिच्यावर ‘घर जैसा खाना’ असं होतं. आतोबांना तो आपला विजय वाटला.

रविवार अर्जाचा. सोनकच्छला एका मास्तरांना आणि त्यांच्या शिक्षिका पत्नीला खात्याने एकत्र आणलं होतं. त्या दाखल्यावर अर्जाचा सगळा डोलारा उभा राहायचा होता, ‘ॲज इन सोनकच्छ’ असा. पण ॲज म्हटलं की सगळं तंतोतंत तसंच हवं ना? त्यांना दोन मुलं, यांना मूल नाही. त्यांची बाई आजारी असायची, आमची आत्या ठणठणीत. मग ॲज म्हणणं खोटं ठरत होतं आणि लाइक म्हणणं अशुद्ध. आतोबा फुलस्केप कागद घेऊन ओट्यावर फिरायचे, थांबून एक शब्द लिहायचे, खोडायचे, पुन्हा फिरायचे. एकदा आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “अहो, काही उपमा देऊ नका. बायकोजवळ राहायचंय, एवढंच लिहा.”

“असं अर्जात लिहीत नसतात,” आतोबा म्हणाले, आणि तेवढ्यात चारच्या बसची वेळ झाली.

मी बीए झाले, देवासलाच एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. बदल्यांचे किती उन्हाळे आले आणि गेले. आत्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले. आम्ही सगळे आतोबांना हसायचो, ती कधी हसली नाही. रविवारी संध्याकाळी मात्र ती कोणाशी बोलायची नाही. मला आतोबांचा राग यायचा, खरंच यायचा. एवढा विद्वान माणूस आणि एक कागद पाकिटात घालता येऊ नये?

मग एका जूनमध्ये आत्याने गुपचूप स्वतःच अर्ज केला, स्वतःच्या बदलीचा, धारला. मंजूर झाला. यांना चकित करायचं म्हणून शनिवारी दुपारीच ट्रंक घेऊन ती बसने धारला निघाली, आणि हे नेहमीप्रमाणे शनिवारी दुपारीच बसने देवासला. इंदूरच्या स्टँडवर दोघं बहुधा एकमेकांच्या पाठीमागून गेले असतील.

मी दार उघडलं. “आत्या कुठाय तुझी?”

“धारला.”

“धारला कशाला?”

मी तिच्या अर्जाची नक्कल त्यांच्या हातात दिली. हिंदीत चार ओळी होत्या. माझे पती धारला असतात, मी देवासला असते, चौदा वर्षं झाली, आता आम्हाला एकत्र राहायचं आहे, कृपा व्हावी. आतोबांनी तो कागद तीनदा वाचला. खिशाला लाल पेन होतं, पण हात तिकडे गेला नाही. “असं लिहून चालतं होय?” एवढंच ते म्हणाले, आणि सकाळच्या पहिल्या बसने गेले.

पुढच्या वर्षी मी धारला गेले तेव्हा ते मला मुंज तलावाकडे फिरायला घेऊन गेले. चालता चालता, मी काहीही विचारलं नसताना, म्हणाले, “पहिल्या वर्षी मी अर्ज दिला होता ग. नामंजूर झाला. तुझ्या आत्याला बोललो नाही, तिने आशा सोडली असती. अर्जात मी लाइक इन सोनकच्छ लिहून बसलो होतो. मला वाटलं, त्यामुळेच.”

“आतोबा, त्या कचेरीत इंग्रजी वाचत होतं कोण?”

“कोणीच नाही. ते मलाही कळत होतं.” ते थोडं पुढे गेले, मग माझ्यासाठी थांबले. “पण नामंजुरीला माणसाला काहीतरी कारण लागतं. आणि आपली चूक असली, की ती सुधारता तरी येते. नाहीतर नुसतं वाट बघत राहायचं.”

इतकी वर्षं ज्याला हसलो, तो माणूस आमच्यासमोर फेऱ्या घालत स्वतःला धीर देत होता, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. घरी आलो तर आत्या गरम पोळ्या करत होती. त्यांना धारला एकत्र नऊ वर्षं मिळाली. आता दोघंही नाहीत. त्या पहिल्या अर्जाचं आत्याला ठाऊक होतं का, हे तिला विचारायचं माझं राहून गेलं. कधी कधी वाटतं, ठाऊक असावं, आणि म्हणूनच तिने चौदा वर्षं त्यांना तो दुसरा अर्ज लिहू दिला.