पहिला आवाज माझा

स्पीकरमधून माझा आवाज आला आणि अख्खा हॉल हसला.

रविवार होता. सकाळचे अकरा. घाटकोपर पूर्वेला फरसाणच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास. परदेशात नोकरीला किंवा शिकायला जायचं तर इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी करून घेणारा. बारा वाजता माझी सराव परीक्षा होती. मी तासभर आधीच पोचले. आत नव्या लोकांसाठी फुकट डेमो लेक्चर चाललं होतं. मी मागच्या दाराशी, चपलांच्या रॅकजवळ उभी राहिले. एसीची हवा तिथवर येत होती, म्हणून.

सर माइकवर म्हणाले, "आता ऐका. फर्स्ट डे. आमच्याकडे आली तेव्हा ही मुलगी कशी वाचायची, ते ऐका."

आणि मी वाचायला लागले. स्पीकरमधली मी. पहिली ओळ कशीबशी. दुसरी ओळ धापा टाकत. तिसऱ्या ओळीत एक लांबलचक शब्द आला आणि तिथे मी अडकले ती अडकलेच. मग "सॉरी सर." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तोच शब्द. "सॉरी सर." तिसऱ्यांदा "सॉरी सर" आलं आणि हॉल फुटला. चुकलेल्या शब्दाला कोणी हसलं नव्हतं. माझ्या सॉरीला हसले.

सरांनी तिथे रेकॉर्डिंग थांबवलं. लोकांचं हसून होऊ दिलं. कुठे थांबायचं, किती थांबायचं, सगळं त्यांना पाठ होतं. म्हणजे हे आज पहिल्यांदा नव्हतं. दर रविवारी असणार. दर रविवारी नवी माणसं, नवं हसू, आणि मी तिकडे मुलुंडला नर्सिंग होममध्ये पेशंटचं बीपी घेत असणार.

"आणि आता," सर म्हणाले, "सहा आठवड्यांनंतर. द सेम गर्ल."

दुसरा आवाज सुरू झाला. काय वाचत होती! पाण्यासारखं. तो लांबलचक शब्दसुद्धा तिने सहज, एका दमात उच्चारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो आवाज माझा नव्हता. आमच्याच बॅचमधल्या एका मुलीचा होता. ती बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. पहिल्या दिवशीही ती अशीच वाचायची.

राग आला की लाज वाटली, तेव्हा कळलं नाही. आता कळतं. आधी लाजच वाटली. स्वतःचीच. त्याची चीड अजून जात नाही.

ते रेकॉर्डिंग कसं झालं ते सांगते. मी नर्स आहे. शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत, पुढे नर्सिंगचा कोर्स. राहायला असल्फ्याच्या डोंगरावरच्या वस्तीत, आईबरोबर. ॲडमिशन घेतली त्या दिवशी मी सलग सोळा तास ड्युटी करून थेट क्लासला आले होते. युनिफॉर्मवरच. अंगाला डेटॉलचा वास. सरांनी हातात कागद दिला, समोर मोबाइल ठेवला. "वाच. घाबरू नको. तुझी प्रगती तुलाच कळावी म्हणून." मला केवढं बरं वाटलं होतं. एवढा शिकलेला माणूस, आपल्या प्रगतीची काळजी करतोय.

बाकीच्यांना सर अहो-जाहो करायचे, नावाने हाक मारायचे. मला "ए सिस्टर." तेही मी गोड मानून घेतलं.

परीक्षा मी तोवर दोनदा दिली होती. लिहिणं, बोलणं, ऐकणं, तिन्हीत पास झाले. वाचनात नऊपैकी सात लागतात, मला साडेसहा. दोन्ही वेळा साडेसहा. परदेशातल्या हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र आलेलं, फक्त हा अर्धा अडला होता. त्या अर्ध्यासाठी मी क्लासला चिकटून होते. पत्राची मुदत संपायला आली होती. ती संपली की सगळं पहिल्यापासून.

वाचनात माझं काय चुकायचं माहितीये? उतारा देतात, खाली वाक्यं. ट्रू, फॉल्स, की नॉट गिव्हन, ते लिहायचं. एकदा झोपून असलेल्या म्हाताऱ्या पेशंटबद्दलचा उतारा आला. खाली वाक्य होतं, अशा पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं. मी ट्रू लिहिलं. सर म्हणाले, "कुठल्या ओळीत आहे? दाखव."

"सर, मी रोज करते. नाही वळवलं तर पाठीला जखमा होतात."

"तू काय करतेस ते कोणी विचारलंय? तुला काय माहितीये ते बाजूला ठेव आणि डोळे उघडून वाच."

बॅच हसली. बरोबर उत्तर होतं नॉट गिव्हन, उताऱ्यात तसं कुठेच नव्हतं. सर बरोबर होते, मला मान्य आहे. परीक्षा तशीच असते. पण दर वेळी माझं डोकं उताऱ्यातून उठून वॉर्डात जायचं. आणि मी बरोबर तिथेच मार खायचे.

तर त्या रविवारी मी रॅकजवळून पुढे गेले. ठरवून नाही. पाय गेले. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभी राहिले आणि म्हणाले, "सर, पहिला आवाज माझा आहे. दुसरा माझा नाही."

माना वळल्या. सर क्षणभर गोरेमोरे झाले. मग लगेच हसले. "ओह, आमची सिस्टर! या या. बघा, स्वतः हजर." कोणीतरी टाळीही वाजवली. त्यांना वाटलं असेल, हाही लेक्चरचाच भाग.

मी म्हटलं, "टाळ्या नका वाजवू. दुसरा आवाज दुसऱ्या मुलीचा आहे. मी अजून पहिल्यासारखीच वाचते. माझं रेकॉर्डिंग बंद करा."

सरांचं हसू गेलं. "हे बघ, हे फक्त उदाहरण असतं. आणि तू परमिशन दिलीयेस. सही आहे तुझी." त्यांनी काउंटरवरच्या मुलीला फाइल आणायला सांगितली. माझा ॲडमिशन फॉर्म. दुसरं पान, मुंगीएवढी अक्षरं. तो कागद माझ्या हातात देऊन ते माइकवर म्हणाले, "वाच. मोठ्याने वाच. तेवढीच रीडिंगची प्रॅक्टिस."

पुन्हा हसले सगळे.

तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, फॉर्म फाडून तोंडावर फेकावा. पण मी वाचलं. मोठ्याने वाचलं. अडखळत, बोट ठेवून, शाळेत वाचायचे तसं. दोनदा थांबले. एक शब्द तीनदा चुकला. सॉरी म्हटलं नाही. काय लिहिलं होतं, तर संस्था विद्यार्थ्याचा आवाज आणि फोटो जाहिरातीसाठी हवा तसा, हवा तेव्हा, कायमचा वापरेल आणि विद्यार्थ्याची त्याला काही हरकत असणार नाही. खाली सही. माझीच. मराठीत केलेली, वळणदार.

वाचायला शिकायला आले होते, आणि पहिल्याच दिवशी न वाचता सही ठोकली होती. हसा तुम्हीपण. मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांच्या सह्या मीच घेते. इंग्रजी फॉर्म, चार पानं. बिचारा माणूस घाबरलेला असतो, मी बोट ठेवत जाते, इथे करा, इथे करा, इथे तारीख. कधी कुणाला वाचून दाखवलं नाही. माझ्या सरांनीही तसंच बोट ठेवलं होतं.

"झालं समाधान?" सर म्हणाले. "आता बस किंवा बाहेर थांब."

मला वाटलं होतं, चारजण तरी उठतील. कोणीतरी विचारेल, सर, हे काय आहे? कोणी नाही उठलं. मागून एक माणूस वैतागून म्हणाला, "मॅडम, तुमचं नंतर करा ना यार. आम्हाला पुढे जायचंय." पहिल्या रांगेतली एक बाई मात्र माझ्याकडे वळली. मराठीच, चांगल्या घरातली, बारावीतल्या मुलीला घेऊन आलेली. हळूच विचारलं, "अहो, पण तुमचा स्कोअर किती आला?"

"वाचनात साडेसहा. दोनदा."

तिने मुलीकडे पाहिलं. जणू माझा आजार त्या पोरीला लागेल. मग म्हणाली, "नाही, तुमचं बेसिकच वीक असेल ना. आमची इंग्लिश मीडियमची आहे."

लेक्चर संपल्यावर काउंटरवर ॲडमिशनची रांग लागली. ती बाई दुसऱ्या नंबरवर उभी होती. मी सराव परीक्षा न देताच जिना उतरले.

घरी आई ओट्यावर बांगडे साफ करत होती. तिला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल त्याला, तिचं तोंड तसं सुटतं. ती हात न थांबवता म्हणाली, "गप ऱ्हवाक व्हया होता गो. तुका त्येची गरज आसा, त्येका तुझी नाय." तीस वर्षं लोकांच्या घरी भांडी घासली तिने. तिचा तरी काय दोष? मला रडू आलं, तेही तिच्यासमोर नाही. मोरीत जाऊन रडले.

आणि मला सरांची गरज आहे, हे तिचं बरोबरही होतं. पण दुसऱ्या दिवशी सरांचाच फोन आला. आवाज एकदम मधाळ. पहिल्यांदा नावाने हाक मारली. "अगं, रागावलीस का? तुझं रीडिंग मी स्वतः करून घेतो. एकटीला बसवून. पास होईपर्यंत. मी म्हणतो म्हणजे होणारच." मग म्हणाले, "फक्त एक छोटा व्हिडिओ देऊन टाक. रविवारी गैरसमज झाला होता आणि क्लासमुळे मला खूप फरक पडला, एवढंच. मी लिहून देतो, तू वाच."

खोटं कशाला बोलू, मनात हो आलं होतं. त्या माणसाला वाचन शिकवता येतं. अर्धा वाढवायचा कसा, हे त्याच्या हातात आहे, माझ्या नाही. पत्राची मुदत डोळ्यांसमोर होती. एक मिनिटभर वाचायचं, बस. आधीही वाचलंच होतं की.

"तुम्ही लिहिणार आणि मी वाचणार?" मी विचारलं.

"हो ना. सोपं इंग्लिश असेल. घाबरू नको."

घाबरू नको. पहिल्या दिवशीही हेच म्हणाला होता, मोबाइल समोर ठेवताना. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "माझ्या आवाजाने तुम्ही लोकांना हसवलंत. आता त्याच आवाजाने मला खोटं बोलायला लावताय. नाही वाचणार." आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून त्याला सर म्हणायचं सोडलं.

पुढे काही चांगलं झालं नाही. घरी बसून एकटीने उतारे सोडवले. ड्युटीवर जेवणाच्या सुट्टीत सोडवले. खोटं वाटेल, पण नॉट गिव्हनच्या प्रश्नांची स्वप्नं पडायची. तिसऱ्यांदा परीक्षा दिली. निकाल मोबाइलवर बघितला तेव्हा वॉर्डात होते. वाचन साडेसहा. तोवर पत्राची मुदत संपली. ती जागा गेली. बरोबरच्या दोघी नर्स गेल्यासुद्धा, तिकडून बर्फातले फोटो टाकतात. मी मुलुंडच्या त्याच नर्सिंग होममध्ये त्याच पगारावर आहे. आई काही बोलत नाही. तिचं न बोलणंच जास्त लागतं.

मी कुणाला हरवलं, असं समजू नका. क्लास जोरात चालू आहे. दुसरी शाखा निघाली बोरिवलीला. माझं रेकॉर्डिंगही चालू आहे. एका वकिलाला विचारलं, त्याने फॉर्म बघितला आणि काही होणार नाही अशी मान हलवली. मला वर जायला बंदी केली, जिन्यापाशी वॉचमन बसवला.

एक मात्र बदललं. आता कुणाची सही घेताना मी खुर्ची ओढून बसते आणि चारही पानं मराठीत सांगते. मला जेवढं कळतं तेवढं. जे कळत नाही ते डॉक्टरला विचारून येते. मेट्रन ओरडते, वेळ जातो म्हणते. तिला ओरडू दे.

चौथ्यांदा परीक्षेचा फॉर्म भरलाय. सात येतील का? मला नाही वाटत. तरी बसणार आहे.

आणि ज्या रविवारी ड्युटी नसते, त्या रविवारी साडेदहाला मी फरसाणच्या दुकानासमोर फुटपाथवर उभी राहते. फुटपाथ काही त्याच्या बापाचा नाही. वर जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवते. थांबत नाहीत बहुतेक. काहींना वाटतं, मी काहीतरी विकतेय. तरी सांगते. "वर जो पहिला आवाज ऐकाल, तो माझा. दुसरा माझा नाही. मी तीनदा नापास झालेय. आता हसायचं तर इथे हसा, माझ्या तोंडावर."

आजवर एकही माणूस माघारी फिरलेला नाही. न फिरो. तो माझा आवाज बंद करेल, त्या दिवशी मी इथून हलेन. त्याआधी नाही.