यात्रेत दोनदा जेवलो त्याची गोष्ट

हसणार नसाल तरच सांगतो. माझं जुळत आलेलं लग्न पुरणपोळीपायी मोडायला निघालं होतं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. महाळुंगे पडवळची एक मुलगी मी नातलगांच्या लग्नात पाहिली आणि पारच विरघळलो. तिच्या वडिलांनी मला यात्रेला जेवायला बोलावलं. म्हणजे पारखायलाच की!

वारूळवाडीहून एकटाच निघालो. पत्ता एवढाच, ‘देवळामागं, दारात मांडव घातलेलं घर.’ आता यात्रेच्या दिवशी मांडव नसलेलं घर असतं का? पण तेवढं डोकं चालवील तो मी कसला!

पहिल्याच मांडवात एका बाबांनी हात धरला. “या पावणं, पाय धुवा, बसा पंगतीला!”

आपल्याकडं यात्रेत ‘तू कोणाचा’ असं कोणी विचारतं का? आधी वाढतात. मला वाटलं, हेच सासरे! लाजत जेवू नकोस, असं आईनं बजावलेलं. मग काय, पोळीवर पोळी, वर गुळवणीच्या वाट्या! ढेकर देऊन आतल्या मावशींना म्हणालो, “पुरण झकास झालंय. तुमच्या लेकीनंच केलं ना?”

“लेकीनं? आवो, ती नांदतीय मंचरला. तिला नातू झालाय औंदा!”

मेलो! कसाबसा नमस्कार केला, दिसल्या त्या चपला पायात सरकवल्या आणि सटकलो.

खरं घर पलीकडच्या आळीत. होणारे सासरे दारात वाट बघत उभे. ताटात पुन्हा पोळ्या, शिवाय माझ्यासाठी खास मासवडी. आणि दाराआड ती! एक घास घेतला, तो काही खाली उतरेना. घाम फुटला.

“घ्या की, पावणं.”

“नको, पोट भरलं.”

“एका घासात?”

आत सासूबाई कुजबुजल्या, तेही मला ऐकू आलं. “पोराला कायतरी दुखणं हाय. आपली पोर न्हाई द्यायची.”

डोळ्यांत पाणीच आलं हो! खरं सांगावं तर येडा ठरतो, न सांगावं तर आजारी.

तेवढ्यात मघाचे बाबा अनवाणीच दारात हजर. “माज्या चपला घालून कोण... आरं, तू हितं व्हय!” मग सासऱ्यांना म्हणाले, “भाऊ, ह्यो तुमचा पावणा? लई गुणी! आमची अर्धी परात एकट्यानं संपवली.”

मांडवात हशा पिकला. सासरे पोट धरून म्हणाले, “म्हंजी तब्येत ठणठणीत हाय. फकस्त घर घावत न्हाई.”

आतून सासूबाई म्हणाल्या, “मग द्या पोर. हात धरून आणंल घरी!”

लग्नाला इतकी वर्षं झाली. अजूनही यात्रेला गेलो की वेशीतच बायको माझा हात घट्ट धरते. लोकांना वाटतं, काय प्रेम आहे!