अस्मिताच्या आईला मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तरी आता मला फरक पडत नाही.

मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर आमचा फ्लॅट आहे. त्याच्या पुढच्या खोलीत मी बरीच वर्षं प्लेग्रुप चालवते. अडीच-तीन वर्षांची मुलं, त्यांची रडारड, त्यांचे शेंबूड — मला आवडतं ते सगळं. माझं नावही चांगलं आहे. एकदा बालदिनाला सोसायटीच्या हॉलमध्ये मी भाषण ठोकलं होतं. शिकायचा हक्क पहिलीपासून सुरू होत नाही, अंगावरचं दूध सुटलं की सुरू होतो, आणि तो प्रत्येक मुलाचा असतो, वगैरे. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ मिळालं. नारळाची आम्ही चटणी केली. बोलले ते मात्र खरं होतं, आजही मी तेच म्हणेन. म्हणूनच तर स्वतःचा इतका राग येतो.

शोभा आमचे जिने झाडायची. जालन्याकडची बाई, नाहूरच्या बाजूला वस्तीत राहायची. तिची तीन वर्षांची अस्मिता दिवसभर पायरीवर बसून असायची. एवढं भाषण ठोकल्यावर तिला तिथे बसलेली कशी बघणार? मी तिला आत घेतलं. फुकट. आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली — तेही सांगून टाकते.

पोरगी झकास होती. दारात मुलांच्या चपलांचा ढीग पडलेला असायचा. कुणी न सांगता ती त्यांच्या जोड्या लावायची, आणि सुटायच्या वेळी ज्याची चप्पल त्याच्या पुढ्यात ठेवायची. चुकायची नाही. मी रंगीत ठोकळे घेऊन दुसरं काय शिकवत होते? सारखं ओळखा, जोडी लावा. बाकीची मुलं ते ठोकळे तोंडात घालत होती! मुलाला न्यायला आलेल्या एका आईनं हे बघितलं आणि म्हणाली, "आईचं काम शिकतेय वाटतं." मी काय केलं? मी हसले. छान, मोकळं हसले.

मग कुरबुर सुरू झाली. माझ्याकडे डबा अंगतपंगत करून खातात — सगळ्यांचे डबे मधे, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. अस्मिताच्या डब्यातली बटाट्याची भाजी मुलांना आवडायला लागली. आयांना नाही. एकीनं इन्फेक्शनची काळजी बोलून दाखवली, दुसरीनं "लेव्हल" म्हटलं. जात कुणीच काढली नाही. काढायची गरजच नव्हती, मला बरोबर कळलं. पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघतो, असं दोघीतिघी म्हणायला लागल्या.

बघा जा, असं मी म्हणू शकत होते ना? तोंडाची मी काही गरीब नाही. सोसायटीचा सेक्रेटरी मला वचकून असतो. मग त्या दिवशी कुठे गेलं होतं माझं तोंड?

मी शोभाला जिन्यात गाठलं. आमच्या धंद्यात एक गोड वाक्य आहे — मूल अजून रेडी नाही. जे मूल नको असेल त्याच्या पालकांना हे सांगायचं, कुणी भांडत नाही. शोभाला ते कळलं नाही. रेडी म्हणजे काय, असं तिनं विचारलं. आता त्याचा खरा अर्थ कसा सांगणार? मी म्हटलं, "अगं, तिचं डोकं जरा हळू चालतं."

थांबा. कबुली अजून झालेली नाही. इथवरचं मी कदाचित पचवलंही असतं.

शोभा म्हणाली, मग वस्तीतल्या बालवाडीत घालते. आणि मी घाबरले. तिथल्या बाई आठवड्याभरात म्हणाल्या असत्या, कोण म्हणतं ही हळू आहे? माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून मी म्हटलं, "नको गं. मुलं चिडवतील तिला. घरीच ठेव, पहिलीला बघू." तिनं ऐकलं. का नाही ऐकणार? मी टीचर होते. माझ्या घरातून तर मी तिला काढलंच, पण बालवाडीतली हक्काची जागाही घालवली — केवळ माझी अब्रू राहावी म्हणून.

पहिलीच्या बाईंना शोभानंच सांगितलं, हिला जरा कमी आहे. बाईंनी तिला मागे बसवलं. मागे बसलेल्या पोरीला कोण काय विचारतं? आता अस्मिता आठवीत आहे. वाचायला सांगितलं की मान खाली घालते.

परवा शोभा तिच्या धाकट्या लेकीला घेऊन माझ्याकडे आली. अस्मिताही बरोबर होती. "टीचर, हिला बघा ना जरा. हिला डोकं हाय का सांगा, मग घालते कुठंतरी. मोठीच्या टायमाला तुम्हीच बरोबर सांगितलं व्हतं."

अस्मितासमोर म्हणाली. तिनं वर बघितलंसुद्धा नाही, इतक्यांदा तिनं ते ऐकलं असणार. मी धाकटीला एक शब्द न विचारता म्हटलं, "आहे. सोमवारपासून पाठव." शोभा हरखली. आणि अस्मिता धाकटीकडे बघून हसली, अगदी मनापासून. ही तरी आपल्यासारखी नाही, याचा तिला आनंद झाला होता.

आणि मी काय केलं? वहीत धाकटीचं नाव लिहून घेतलं.

तुम्ही म्हणाल, समाजच असा आहे. म्हणू नका. जिन्यात समाज नव्हता, मी होते. म्हणाल, धाकटीला घेतलंस ना? त्यानं काहीही फिटत नाही, आणि मला माफीही नको. सोमवारी शोभा आणि अस्मिता धाकटीला सोडायला येतील, तेव्हा मुलांना न्यायला-आणायला येणाऱ्या सगळ्या आयांसमोर मी अस्मिताला सांगणार आहे. मग शोभानं दारात उभं राहून शिव्या घातल्या तर घालू दे, आयांनी मुलं काढून नेली तर नेऊ दे. सांगायचं फार नाहीच. तू हुशार होतीस, बाळा. आणि मला ते तेव्हाच माहीत होतं.