मास्तरांची मांडी

मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी एका मिनिटात तीन माणसं, एक टपालपेटी आणि रस्त्याच्या मधोमध बसून अंग चाटणारं एक मांजर एवढ्यांचा निकाल लावायला निघालो होतो. निदान मला तसं वाटत होतं. प्रत्यक्षात काठी टेकत चाललेले एक आजोबा आमच्या गाडीला मागे टाकून पुढे गेले होते. पण वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मोटार शिकायला बसलेल्या माणसाला वेग समजत नाही, मरण समजतं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी मांजरापासून वीतभर अंतरावर उभी होती आणि मांजराने दुसरा पाय चाटायला घेतला होता.

मी ब्रेक लावला नव्हता. ब्रेक कुठे असतो हेच मला त्या क्षणी आठवत नव्हतं. तरी त्या तासाभरात गाडी अशी सात वेळा थांबली. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की माझ्या पायात काहीतरी उपजत आहे. ती म्हणाली, "मुंग्या असतील."

पाचव्या दिवशी उलगडा झाला. शिकवणीच्या गाडीला ब्रेकची दोन पेडलं असतात, एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. दोन्ही एका लोखंडी दांडीने जोडलेली. इकडचं दाबलं की तिकडचंही आपोआप खाली जातं. मास्तर ते इतकं अलगद दाबायचे, की शिकणाऱ्याला आपणच गाडी थांबवली असं वाटावं. एकतीस वर्षं हे काम केल्यामुळे त्यांच्या उजव्या बुटाचा तळ कागदासारखा झाला होता आणि डावा नवाकोरा होता. पाय इतका सरावलेला, की न्हाव्याने कानाजवळ वस्तरा नेला तरी मास्तर खुर्चीखालची पट्टी दाबायचे.

पण मास्तरांचा एक नियम होता. शिकणाऱ्याचा पाय वेळेवर पडू लागला, की एका सकाळी ते गाडीत बसता बसता दोन्ही बूट काढायचे, सीट मागे सरकवायचे आणि मांडी घालून बसायचे. तोंडाने काही बोलायचे नाहीत. मांडी घातलेल्या माणसाला ब्रेक लावता येत नाही. तेव्हा आता गाडी तुमची, मेलात तर दोघंही मरू, असा त्याचा अर्थ. ज्याला मांडी मिळाली तो परीक्षेत सहसा नापास होत नसे. हुशार पोरांना ती दहाव्या दिवशी मिळे. मला तेविसाव्या दिवशी मिळाली, तीही मास्तरांनी आधी खिडकीतून आकाशाकडे बघून घेतल्यावर.

एवढ्या जगाला मांडी देणाऱ्या या माणसाने ती फक्त एका व्यक्तीला दिली नव्हती. ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी.

चिमणी, म्हणजे बावीस वर्षांची आणि बापापेक्षा बोटभर उंच असलेली ही चिमणी, लहानपणी सायकल शिकत होती तेव्हा मास्तर चौदा महिने तिच्या सीटला धरून मागे पळाले होते. तिने भूमितीची वही उघडली, की रेघ जिथून जायला हवी तिथे पेन्सिलीचे बारीक ठिपके आधीच उमटलेले असत. ती ठिपक्यांवरून रेघ ओढी आणि मास्तर म्हणत, "बघा, पोरीचा हात किती सरळ आहे." त्यांची बायको एका दंतवैद्याकडे मदतनीस होती. आलेल्या प्रत्येकाला "थोडं दुखेल" असं शांतपणे सांगण्यात तिचा दिवस जायचा. नवऱ्याला ती म्हणायची, "चौदा महिन्यांत ती सायकल शिकली नाही, पण तुम्ही पळायला मात्र छान शिकलात. पडू दे की एकदा तिला."

"गुडघा फुटला म्हणजे?"

"फुटेल. थोडं दुखेल."

मास्तर विषय बदलायचे.

आता गोष्ट गुडघ्याहून मोठी झाली होती. चिमणी वाचनालयात पुस्तकांना शिक्के मारायची. वाचनालयाची एक फिरती गाडी होती, पुस्तकं घेऊन वस्त्या-वस्त्यांत जाणारी. तिचा चालक निवृत्त होत होता आणि ती जागा चिमणीला हवी होती. शिक्के मारून तिचा अंगठा कायमचा निळा झाला होता. अट एकच, महिनाअखेरपर्यंत परवाना. आणि मास्तरांची ही मुलगी परीक्षेत दोनदा नापास झाली होती. परीक्षक शेजारी बसतो, त्याच्याही पायाशी तो दुसरा ब्रेक असतो, पण त्याला तो दाबावा लागला की शिकणारा नापास. दोन्ही वेळा दाबावा लागला होता. तिसरी परीक्षा अठ्ठावीस तारखेला होती.

सतरा तारखेला सकाळी ती चालवत होती आणि माझा नंबर तिच्यानंतर असल्यामुळे मी मागे बसलो होतो. बँकेच्या कोपऱ्यावर दिवा लाल झाला. गाडी लोण्यासारखी थांबली.

"बाबा, मी आत्ता ब्रेक लावला का?"

"लावलास की. छान लावलास."

"मी पाय नुसता टेकवून ठेवला होता. पेडल माझ्या पायाखालून आपलं आपण निघून गेलं."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. "गाडी जुनी आहे."

"बाबा."

"कधीमधी लागतो पाय. सवय असते."

"चाळीस दिवस?"

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. तिने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"परीक्षक दोन्ही वेळा म्हणाले, तुझा पाय अर्धा क्षण उशिरा येतो. मला वाटलं, पायातच काही खोट आहे. येईल कसा वेळेवर? दर वेळी तुम्ही आधी पोचलेले." मग तिने मान मागे वळवली. "काकांना तेविसाव्या दिवशी मांडी मिळाली. काकांना."

दुसरा 'काकांना' तिने असा काही उच्चारला, की मीही खिडकीबाहेर बघू लागलो.

"काका काही माझी मुलगी नाहीत," मास्तर म्हणाले. यावर कोणाचंच दुमत नव्हतं.

"मांडी घाला, बाबा."

"गुडघा धरलाय आज."

"थोडं दुखेल," ती म्हणाली. आवाज हुबेहूब आईचा.

मास्तरांनी बूट काढले. आधी नवा, मग झिजलेला. सीट इतकी मागे घेतली, की माझे गुडघे हनुवटीला लागले. मग त्यांनी मांडी घातली आणि दोन्ही हातांनी दोन्ही पायांचे अंगठे घट्ट धरून ठेवले.

पहिल्या दिव्याला गाडी अशी थांबली, की माझा चष्मा मास्तरांच्या सीटखाली गेला. दुसऱ्याला जरा बरी थांबली. मग आम्ही शिकवणीच्या आवाराच्या फाटकाशी आलो. आत वळताना डाव्या अंगाला दगडी खांब आहे. तो खांब येतोय हे मला चष्म्याशिवायही दिसत होतं. मास्तरांना तर तो एकतीस वर्षं दिसत होता. त्यांचे अंगठे पांढरे पडले. 

चिमणीने ब्रेक लावला. अर्धा क्षण उशिरा.

काच फुटल्याचा आवाज झाला. ती खाली उतरली, वाकून बघितलं, परत येऊन बसली.

"दिवा गेला."

"हं," मास्तर म्हणाले.

"मी लावला होता."

"बघितलं मी. बोटभराने चुकला."

"पुन्हा घेऊ?"

मास्तरांची मांडी मोडली नव्हती. त्यांनी फक्त एक अंगठा सोडला, रुमाल काढून कपाळ पुसलं आणि अंगठा पुन्हा धरला. "घे."

त्या फाटकातून ती त्या दिवशी नऊ वेळा आत वळली. माझा तास बुडाला, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. शेवटी मास्तरांचे पाय इतके बधिर झाले होते, की आम्ही दोघांनी त्यांना मांडीसकट बाहेर काढलं. संध्याकाळी दवाखान्यातून येता येता मास्तरांच्या बायकोने गाडीचा फुटका दिवा पाहिला आणि म्हणाली, "पडली वाटतं शेवटी सायकलवरून."

पुढचे दहा दिवस मास्तर मांडीतच होते.

अठ्ठावीस तारखेला चिमणी पास झाली आणि तिला ती जागा मिळाली. दोन वर्षांनी वाचनालयाने फिरती गाडी बंद केली. आता ती तिथेच पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीशी बसते आणि कामावर चालत जाते, कारण वाचनालय घरापासून सहा मिनिटांवर आहे.