मेकॅनिक परत आला तो शनिवार

त्या फ्लॅटमध्ये पाऊल ठेवल्याबरोबर मी पहिलं काम काय केलं असेल, तर बाल्कनीचं सरकतं दार उघडलं. बाहेर पिवळ्या टी-शर्टातला एक तरुण भर दुपारच्या उन्हात काचेला नाक लावून उभा होता. मला वाटलं, दार अडकलंय, बिचारा कोंडला गेलाय. तर खोलीतली सगळी मंडळी एकदम किंचाळली. दोघातिघांनी आपापले गळे धरले. एकजण सोफ्यावरून खाली गडगडला आणि मेला.

"अप्पा!" माझी मुलगी ओरडली. "तो एअरलॉक आहे. तुम्ही आत्ता अख्खं यान मारलंत."

मी दार लावलं. मेलेले उठून बसले. पिवळा टी-शर्टवाला बाहेरच राहिला.

मी गेलो होतो फक्त डबा द्यायला. बायकोनं चकल्या केल्या होत्या, मुलगी डबा घरीच विसरून गेली, म्हणून मी मेट्रोनं व्हाइटफील्ड गाठलं. निघताना बायकोनं बजावलं होतं, "डबा द्या आणि परत या. बसू नका." पण अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे जिचा फ्लॅट होता त्या मुलीनं, "कुतकोळ्ळी अंकल" म्हणून खुर्ची पुढे केली. आमच्या घराण्याला या गावात येऊन तीनचारशे वर्षं झाली. इथं कुणी कानडीत बसा म्हटलं की आमचे गुडघे आपोआप वाकतात.

ही सगळी एका अंतराळातल्या कार्टून मालिकेची भक्तमंडळी. एक मोडकं मालवाहू यान, त्याची कडक कप्तानीण आणि बेडकासारख्या तोंडाचा एक म्हातारा मेकॅनिक, एवढं कळलं तरी पुरे. मुलगी लहान होती तेव्हा दर शनिवारी सकाळी आम्ही दोघं ती केबलवर बघायचो. आता ती चोवीस वर्षांची, नोकरी करणारी, आणि मालिकेचा शेवटचा मोसम यायचा होता. त्याआधी शहरात चाहत्यांचा मोठा मेळावा होता. प्रत्येक गटानं आपला एक सिद्धांत मंचावर मांडायचा. या गटाचा कुठला, ते त्या दुपारी मतानं ठरणार होतं.

एक सिद्धांत माझ्या मुलीचा. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी मेकॅनिक मरतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. ती म्हणते, मेला तो नकली. यान एका चंद्रावर अडकलं होतं, तिथं खरा मेकॅनिक मागे राहिला आणि त्याची हुबेहूब नक्कल परत आली. पुरावा असा की त्या चंद्राआधी तो पाना डाव्या हातात धरायचा आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी त्यावर दोनदा टिचकी मारायचा. चंद्रानंतर पाना उजव्या हातात, टिचकी बंद. तिनं मालिकेतली एकेक फ्रेम काढून, बाण रंगवून सगळं लॅपटॉपवर मांडलं होतं. त्यासाठी कित्येक रविवार खोलीचं दार बंद होतं. मेळाव्यात घालायचा कुर्तासुद्धा इस्त्री होऊन घरी खुर्चीवर टांगलेला होता.

विरुद्ध बाजूला होता एक दाढीवाला, नुकताच पुण्याहून आलेला. त्याचं म्हणणं, मेकॅनिक मेला तो मेला, आणि त्याला कप्तानीणबाईंनीच मारलं.

मला आधी वाटलं, कार्टूनच तर आहे, चकल्या खातील, हसतील. पण इतक्या खुनशीपणानं भांडणारी माणसं मी आमच्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या मीटिंगमध्येही पाहिली नाहीत. हिंदी, इंग्रजी, कानडी, ज्या भाषेत जास्त लागेल ती वापरत होते. कप्तानीणवाले डाव्या सोफ्यावर, मेकॅनिकवाले उजव्या. मधल्या टीपॉयवर आमचा डबा. डावीकडचे चकली घेताना उजवीकडच्यांकडे बघतसुद्धा नव्हते.

"हात बदलला म्हणून माणूस बदलला?" दाढीवाला म्हणाला. "चित्रं काढणाऱ्यांचा आळस आहे तो. तुझा अख्खा सिद्धांत म्हणजे कुणाच्या तरी आळसावर चढवलेली इमारत."

"आणि टिचकी?"

"विसरले असतील."

"सतरा भाग विसरले?"

"तू विसरू शकत नाहीस म्हणून कुणीच विसरायचं नाही का? मेलाय गं तो. घरच्यांनी रडून झालं, तेरावं झालं, तू अजून त्याच्या टिचक्या मोजतेस."

डावा सोफा हसला. मुलीचे कान लाल झाले. ते कान मी ती पाळण्यात असल्यापासून ओळखतो.

"स्वल्प थांब रे," मी म्हणालो.

सगळ्यांच्या माना वळल्या. "स्वल्प!" दाढीवाला आपल्या शेजारणीला म्हणाला, "किती क्यूट मराठी आहे काकांचं." एवढ्यावर मी उठून घरी गेलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. पण क्यूट म्हटल्यावर माणूस गप्प बसतो का?

"मेला मेला काय करतोस?" मी म्हणालो. "तो मेल्यावर पुढच्याच शनिवारी परत आला होता. मी स्वतः पाहिलाय. ही पण होती शेजारी."

डाव्या सोफ्यावरच्यांचे हात डब्यातच थांबले. मला वाटलं, जिंकलो.

"अप्पा, नको," मुलगी हळूच म्हणाली.

"नको काय? पाहिलाय ना आपण! बर्फातल्या बाजारात पाना विकत घेत होता."

गोंगाट थांबवायला अध्यक्षीणबाई जो चमचा टेबलावर आपटायच्या, तो त्यांनी खाली ठेवला. "अंकल, बर्फाच्या बाजाराचा भाग तर पहिल्या मोसमातला."

"आमच्याकडे नंतर लागला."

दाढीवाल्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. "काका," तो फार प्रेमानं म्हणाला, "चॅनेलवाल्यांनी भाग मागेपुढे लावले असतील. तेव्हा सर्रास लावायचे."

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. खरंच सांगतो. आणि डोक्यात काही नवं आलं की मी थांबत नाही, बोलतो. "असं होय!" मी म्हणालो. "अरे, त्या शनिवारी ही किती रडली होती. जेवेना. पुढच्या शनिवारी तो टुणकन हजर! आता पोरीला काय सांगायचं? मग मीच म्हटलं, मेला तो नकली होता, खरा हा बघ."

डावा सोफा कोसळला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी पोट धरलं. "केबलवाला सिद्धांत!" कुणीतरी ओरडलं आणि ते नाव त्या क्षणी चिकटलं. उजव्या सोफ्यावरची माणसं चकलीचे तुकडे न्याहाळू लागली. आपलीच माणसं अशी चकल्या न्याहाळायला लागली की निकाल लागलेला असतो.

त्यांचा नियम असा: मुद्दा खोटा ठरला की बाल्कनीत जायचं, दार लावायचं आणि "मान्य" असं ओरडल्याशिवाय आत यायचं नाही. बाहेर असेपर्यंत मत नाही. पिवळा टी-शर्टवाला एव्हाना "मान्य, मान्य" करत आत आला होता. मुलगी उठली. माझ्याकडे न बघता बाल्कनीत गेली. दार लागलं.

मीही मागोमाग गेलो.

"तुम्ही कशाला आलात?"

"माझाही मुद्दा खोटा ठरला."

"तुम्ही सभासद नाही. तुम्हाला इथं मरायचा हक्क नाही."

खाली गाड्या जागच्या जागी हॉर्न वाजवत होत्या. कठड्याला हात लावला तर चटका बसला. मी म्हटलं, "मला कुठं माहीत होतं भाग उलटे लागले ते?"

"मला माहीत होतं. नववीत असताना मी सगळे भाग ओळीनं पाहिले. तेव्हा आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते."

"मला वाटलं परीक्षा आहे."

"तुम्हाला नेहमी परीक्षाच वाटते." ती काचेकडे बघत होती. "मग म्हटलं, अप्पांनी थाप मारली असेल, पण बघू तरी. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तेव्हा हात दिसला. टिचकी दिसली. ते मी शोधलंय. तुम्ही नाही, चॅनेलनं नाही. आता ते कोण बघणार? सगळे केबल बघणार."

"आत जाऊन सांगतो मी त्यांना."

"अप्पा, तुम्ही आता कुणालाही काहीही सांगू नका."

आत हात वर होत होते. दाढीवाला मोजत होता, मोठ्या आवाजात, काचेतून ऐकू यावं म्हणून. तिनं एकदा "मान्य" म्हटलं असतं तर आत जाऊन मत देता आलं असतं, पण कशाला? ज्याला मत द्यायचं तेच खोटं म्हणून कबूल करून? ती बाहेरच उभी राहिली. मंचावर कप्तानीण जाणार, असं ठरलं.

मग दाढीवाल्यानं दार सरकवलं. "चल, ये आत. झालं ते झालं. चकली खा."

"मी मान्य म्हटलेलं नाही."

"अगं, मत झालं. संपलं."

तिनं छातीभर श्वास घेतला, गाल फुगवले आणि श्वास रोखून, कुणाकडेही न बघता ती त्या खोलीतून चालत गेली. लॅपटॉप उचलला, चपला हातात घेतल्या. जणू त्या खोलीतच हवा नव्हती. कुणी हसलं नाही. बापानं साथ द्यायला हवी म्हणून मीही श्वास रोखून मागे निघालो. पण माझं पोट आणि माझं वय बघता टीपॉयपाशीच धाप लागली आणि मी दोन्ही सोफ्यांच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं श्वास घेतला. तेव्हा मात्र सगळे हसले.

मेट्रोत शेजारची जागा रिकामी असून ती दाराशी उभी राहिली. घरी आल्यावर तिनं इस्त्री केलेला कुर्ता खुर्चीवरून उचलला, घड्या न घालता कपाटात कोंबला आणि खोलीचं दार लावून घेतलं. "शेवटचा मोसम मी एकटी माझ्या फोनवर बघीन," एवढं दारापलीकडून कळवलं.

बायकोनं मला सगळं सांगायला लावलं. पहिल्यापासून, काही न गाळता. मध्ये एकदा "बसलात ना तुम्ही?" म्हणाली आणि एकदा डब्याची चौकशी केली. तो अर्थातच टीपॉयवर राहिला होता, शत्रूच्या ताब्यात. सगळं सांगून झाल्यावर मी उठलो आणि मुलीच्या खोलीकडे निघालो. दारावर टकटक करायला हात वर केला होता.

"अहो, इकडे या मुकाट्यानं," बायको म्हणाली. "तिची समजूत घालायला जाऊ नका. मागच्या वेळी घातलीत, ती अजून चालली आहे."