गिरणी चालू असेपर्यंत

माझी गिटार रुखवतात आली. जिंतूरला लग्नाच्या मांडवात आईनं ती क्रोशाचे रुमाल आणि लोकरीचा ससा यांच्या मधोमध उभी केली होती, आणि तिच्या पायाशी जेवणाच्या डब्याएवढा अ‍ॅम्प, म्हणजे तिचा स्पीकर. मुलीला कला येते हे पाहुण्यांना दिसावं, एवढाच तिचा हेतू. खरं तर मला कला वगैरे काही येत नव्हती. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, त्या पगारातून गिटार घेतली होती आणि मोबाइलवर बघून चार कॉर्ड शिकले होते. त्यातला एक अजून चुकतो. वऱ्हाडातल्या एका बाईंनी तारेवर बोट मारून बघितलं आणि म्हणाल्या, "हिच्यातून तर आवाजच येत न्हाई की वो!" ती इलेक्ट्रिक आहे, त्या डब्याला जोडल्याशिवाय वाजत नाही, असं मी शालूत घाम पुसत सांगितलं, पण तोवर त्या सशाकडे वळल्या होत्या.

सासर सोनपेठचं. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागं आम्ही. रुखवतातल्या वस्तू शोकेसमध्ये ठेवतात. गिटार शोकेसमध्ये मावेना, म्हणून सासूबाईंनी ती बैठकीत खिळ्याला टांगली आणि वर प्लॅस्टिकच्या फुलांची माळ घातली. गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तशी. मला असा संताप आला म्हणून सांगू! पण नव्या सुनेनं संतापायचं नसतं, म्हणून मी चहा ठेवला.

महिन्याभरानं मी माळ काढली आणि गिटार आमच्या खोलीत नेली. अ‍ॅम्पला हेडफोन लावायची सोय होती, म्हणजे आवाज फक्त माझ्या कानात. मला वाटलं, सुटले. तिसऱ्याच दिवशी दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि सासूबाई हाका मारमारून दमल्यावर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"घर पेटलं तरी तुला कळायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "सुनंनं कान बंद करून बसावं का गं माय?"

त्यांचं चूक नव्हतं, हेच वाईट होतं. हेडफोन कपाटात गेला.

मग मला गिरणी सापडली. आमची गिरणी चालू झाली की माणसाला कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. तिच्याखाली काहीही दडतं. सकाळी अकराला ज्वारीचे डबे रांगेला लागायचे, सासरे गिरणी सुरू करायचे आणि मी मधलं दार ओढून अ‍ॅम्पचं बटण दाबायची. घरातल्या हाका मात्र दाराला थाप मारून यायच्या, तेवढं मला कळायचं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा सकाळी पूजा करून कपाळाला भस्म लावतात, आणि दुपारपर्यंत अंगावर इतकं पीठ बसतं की भस्म कुठलं आणि पीठ कुठलं ते सांगता येत नाही. डब्यातले दाणे संपत आले की गिरणीचा सूर पोकळ होतो. तो ओळखून मी वेळेत थांबायची. असे सहा महिने काढले. माझा सगळा रियाज दुसऱ्यांच्या ज्वारीवर अवलंबून होता.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नव्हती. गिरणीच्या आवाजात बाहेरच्यांना माझं ऐकू जात नव्हतं, तसं मलाही येत नव्हतं. म्हणून मी रोज आवाज थोडा वाढवायची. शेवटी दोन्ही बटणं, आवाजाचं आणि आवाज फाडणारं, पार टोकाला जाऊन टेकली.

बाजाराचा दिवस होता. गिरणीसमोर खेड्यांतून आलेल्या बायकांची गर्दी. मी तो चुकणारा कॉर्ड घोटत बसले होते, आणि लाईट गेली. गिरणीवरचा डबा दाण्यांनी भरलेला, त्यामुळे गिरणी एका क्षणात गच्च होऊन थांबली, सूर बदलायला वेळच मिळाला नाही. माझा अ‍ॅम्प बॅटरीवर. तो कशाला थांबतोय?

मी लगेच हात काढायला हवा होता. काढला नाही. त्या शांततेत पहिल्यांदाच मला माझा आवाज नीट ऐकू आला. मोठा, खरखरीत, भिंतीला जाऊन परत येणारा. आणि कॉर्ड बरोबर लागला होता! मी तो पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. पाचव्या वेळी दार उघडलं. दारात पांढऱ्या भुवयांचे मामा, आणि त्यांच्यामागं सात-आठ बायका माना उंचावून बघायलेल्या.

मी बोलणी खायची तयारी केली. खरं सांगते, मला ती हवीच होती. कुणी नको म्हटलं असतं तर मी भांडले असते, भांडण मला जमतं.

मामा अ‍ॅम्पकडे बघत होते. "लाईट गेली तरी ह्ये चालायलंय?"

"बॅटरी आहे, मामा."

"माइक लागतो का ह्याला?"

"लागतो," मी म्हणाले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मठात दर सोमवारी संध्याकाळी शिवभजन असतं, मामा पुढं बसून म्हणतात, आणि नेमकी त्याच वेळी लाईट जाते. त्या सोमवारी माझा अ‍ॅम्प मठात गेला. मी बायकांच्या रांगेत बसले होते. मामांनी पहिली ओळ उचलली आणि त्यांचा आवाज असा फाटून, गुरगुरत बाहेर आला की पुढची म्हातारी माणसं मागं सरकली. बटणं मी ठेवली होती तिथंच होती! मला हसू आवरेना, आणि मामांचा उतरलेला चेहरा बघून लाजही वाटली. पुरुषांच्या रांगेतून वाट काढत मी पुढं गेले, फाडणारं बटण शून्यावर आणलं. मामांचा आवाज दुधासारखा स्वच्छ झाला.

"सूनबाईला लय कळतंय त्यातलं," कुणीतरी म्हणालं. मामांची मान ताठ झाली.

तेव्हापासून दर सोमवारी अ‍ॅम्पशेजारची जागा माझी. नेता-आणता पडेल म्हणून तो मठाच्या कपाटातच राहतो. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग वाजव की, कोण नको म्हणतंय?" तो परभणीला नोकरीला जातो, त्याला सगळंच सोपं वाटतं. चार महिने वाट बघून मी एकदा गिरणीत जाऊन मामांनाच विचारलं.

"मामा, तो डबा घरी आणू का? मला वाजवायचं असतं."

मामांना खरोखर नवल वाटलं. "वाजीव की माय. गिटार तर घरीच हाय."

"डब्याशिवाय तिला आवाज येत नाही."

माणूस मायाळू, प्रश्नही मायेनंच विचारला. "घरातल्या घरात कशाला पायजे गं आवाज?"



आता मी गिटारीच्या लाकडावर हनुवटी घट्ट टेकवून वाजवते. तारांचा आवाज हाडातून कानात येतो. बारीक असतो, पण येतो. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि मान धरली असेल म्हणून बाम आणून दिला.

परवा असंच वाजवत होते आणि लाईट गेली. गिरणी गच्च होऊन थांबली. मी थांबले नाही, थांबायचं कारणच नव्हतं. मधलं दार उघडं होतं. बाहेर डबा घेऊन बसलेल्या बाईनं विचारलं, "तुमची सूनबाई ते वाजवायची की वो. आता वाजवत न्हाई का?"

"सोडलं तिनं," मामा कौतुकानं म्हणाले. "आता मठातलं सगळं तीच बघती."

मी तेव्हा तोच कॉर्ड वाजवत होते, आणि तो बरोबर लागला होता.